त्रैराशिकांत न बसणारी मात्रा

'मात्रा' हा शब्द आपल्या भाषेंत मोठा कामसू आहे. छंदःशास्त्रांत लघु अक्षराची एक आणि गुरु अक्षराच्या दोन मात्रा. बालबोध लिपींत अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ ती मात्रा. वैद्याच्या बटव्यांतील उगाळून चाटवावयाची गोळी ती मात्रा. आणि औषध किती द्यावयाचें तें प्रमाणही मात्राच. 'त्याच्यापुढें कोणाची मात्रा चालत नाहीं' असें आपण म्हणतों तेव्हां ह्यांपैकीं कोणती मात्रा मनांत असते हें सांगणें कठीण. परंतु ती वैद्याचीच असावी असा माझा कयास आहे. शाळेंत संस्कृत आणि गणित शिकविण्यांत माझी हयात गेल्यामुळें शब्द आणि संख्या ह्या दोहोंची मला संवय. तथापि ह्या शेवटच्या अर्थाची मात्रा मला खरी कळली ती निवृत्तीनंतर, आणि ती शिकविली आमच्याच घरांतील एका चिमुरडीनें.

माझा धाकटा भाऊ सांगलीस असतो. त्याच्या मुलाची ही मुलगी. नवजात मुलाला होणारी कावीळ आठदहा दिवसांत उतरते म्हणून घरांतील बायका तिला कोंवळ्या उन्हांत घेऊन बसत. ती कावीळ उतरली नाहीं. शीचा रंग खडूसारखा पांढरट होऊं लागला. यकृतांतून आंतड्यांत पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बुजून जाण्याचा हा रोग. त्याचें इंग्रजी नांव बिलिअरी अॅट्रेझिया. ज्या घरांत तान्हें मूल असेल त्या घरच्या मंडळींनीं एवढें अवश्य लक्षांत ठेवावें कीं दोन आठवड्यांपलीकडे टिकलेली कावीळ आणि पांढरी शी हीं दोन चिन्हें एकत्र दिसलीं तर एक दिवसही दवडूं नये. आंतड्याचा भाग थेट यकृतास जोडून पित्तास वाट करून देण्याची शस्त्रक्रिया जपानांतील मोरिओ कासाई ह्यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केली. मूल दोन महिन्यांचें होण्यापूर्वीं ती झाली तर यशाची आशा अधिक. आमच्या मुलीची ती झाली, पण पित्त वाहतें राहिलें नाहीं. आणि चौदाव्या महिन्यांत पुण्यास यकृतरोपण करावें लागलें.

ह्याच रोगाच्या एका तीन वर्षांच्या मुलावर अमेरिकेंत डेन्व्हर येथें टॉमस स्टार्झल ह्या शस्त्रवैद्यानें १९६३ सालीं मनुष्यांतील पहिलें यकृतरोपण केलें होतें. तो मुलगा वांचला नाहीं. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून मुलास लावण्याची युक्ति १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें सफळ झाली. तेथेंही देणारी आईच होती. आपल्या देशांत १९९८ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस एका वीस महिन्यांच्या मुलाला त्याच्या बापाच्या यकृताचा भाग देण्यांत आला, आणि तो मुलगा पुढें स्वतः डॉक्टर झाला. आपला अवयवरोपणाचा कायदा १९९४ चा. त्याला २०११ सालीं जी दुरुस्ती झाली तींत आजी-आजोबांनाही जवळच्या नातलगांत स्थान मिळालें. हें वाचून माझ्या भावानें लगेच दंड थोपटले. डॉक्टरांनीं त्याचें वय विचारलें, आणि हंसून सूनबाईंकडे पाहिलें. तिच्या यकृताचा डावीकडचा लहानसा भाग, अडीचशें ग्रॅमच्या आसपासचा, मुलीला मिळाला. सूनबाईंचें यकृत कांहीं महिन्यांत पुन्हां भरून आलें. यकृताची ही पुन्हां वाढण्याची शक्ति हा सृष्टीचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे.

शरीराला मात्र आईचें यकृत काय आणि परक्याचें काय, दोन्ही परकींच. आपलें तें राखावें आणि परकें तें हांकून द्यावें हा रक्तांतील पांढऱ्या पेशींचा धर्म. त्या पेशींना कायमचें थोडें गुंगवून ठेवणारें औषध म्हणजे टॅक्रोलिमस. १९८४ सालीं जपानांत त्सुकुबा येथील मातींतल्या एका सूक्ष्म जंतूपासून तें सांपडलें, आणि १९८९ पासून त्याच स्टार्झलनीं पिट्सबर्ग येथें तें रोग्यांना देण्यास आरंभ केला. नांवांतला पहिला 'ट' त्सुकुबा गांवाचा. व्युत्पत्तीचा नाद असल्यामुळें हें सांगण्याचा मोह मला आंवरला नाहीं. पण ज्या औषधावर हजारों मुलांचा जीव टांगलेला आहे तें डोंगरपायथ्याच्या ओंजळभर मातींतून निघालें, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

औषध मोठें नाजूक. रक्तांत तें कमी पडलें तर शरीर नव्या यकृतावर चालून जातें. जास्त झालें तर मूत्रपिंडें झिजतात, हात कांपतात, रक्तदाब आणि साखर चढते, कोणताही जंतू घरांत शिरतो. दोन कडांमधील वाट अगदीं अरुंद. एक मिलिलिटर रक्तांत ते किती नॅनोग्रॅम आहे हें मोजतात, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. रोपणानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत हा आंकडा साधारणपणें ८ ते १२ च्या दरम्यान राखतात. पुढें शरीर थोडें नमतें घेतें, तेव्हां ५ ते ८ किंवा त्याहूनही खालीं आणतात. ही झाली ढोबळ कल्पना. प्रत्येक रोग्याचा आंकडा त्याच्या डॉक्टरांनीं ठरवावयाचा असतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. सांगलीच्या आमच्या घराच्या आळींतच एक पेन्शनर गृहस्थ राहतात. त्यांचेंही यकृतरोपण झालेलें असून त्याला पुष्कळ वर्षें लोटलीं. वजन ७० किलोच्या घरांत. ते हेंच औषध सकाळीं १ मिलिग्रॅम आणि रात्रीं १ मिलिग्रॅम घेतात. आमची मुलगी रोपणानंतर तीन महिन्यांनीं पुण्याहून घरीं आली तेव्हां तिचें वजन नुकतेंच १० किलोला टेकलें होतें, आणि तिची मात्रा सकाळीं दीड व रात्रीं दीड मिलिग्रॅम! माझ्या धाकट्या भावजयीनें दोन्ही घरच्या चिठ्ठ्या माझ्यापुढें ठेवल्या. ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही गणिताचे मास्तर. हें त्रैराशिक मला सोडवून दाखवा. पोरीला मोठ्या माणसाच्या दीडपट औषध कसें? लिहितांना कोणाची चूक तर झाली नसेल?"

प्रश्न अगदीं रास्त होता. भास्कराचार्यांपासून आपण शिकत आलों कीं प्रमाण, फल आणि इच्छा हीं तीन ठाऊक असलीं म्हणजे चौथी राशि हातीं येतेच. ७० किलोला दिवसाचे २ मिलिग्रॅम, तर १० किलोला किती? उत्तर येतें सुमारें ०.२९. प्रत्यक्षांत मुलगी घेत होती ३. म्हणजे दहापटीहून अधिक. आणि तरीही तिच्या रक्तांतील आंकडा ८ च्या वर जेमतेम चढत होता! चिठ्ठींत चूक नव्हती. डॉक्टरांना विचारलें तर त्यांनींही तोच आंकडा पुन्हां सांगितला, आणि कारणें सांगण्यास अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासाच्या आधारानें पुढें मीं जें वाचलें आणि समजून घेतलें तें येथें मांडीत आहें.

पहिलें कारण काळाचें, तें वर येऊन गेलेंच. पेन्शनर गृहस्थांच्या रक्तांत औषध ५ च्या आसपास असलें तरी भागतें. मुलीला त्या वेळीं १० हवें होतें. हा झाला दुपटीचा फरक.

दुसरें कारण वयाचें. मुलाची मात्रा मोठ्यांच्या मात्रेचा अंश असते ही समजूत आपल्या हाडांत रुजलेली आहे. शार्ङ्गधरानें आपल्या संहितेंत वयाप्रमाणें मात्रेचें एक सुरेख कोष्टकच दिलें आहे: पहिल्या महिन्यांत एक गुंज, मग वर्षाचें होईपर्यंत महिन्यागणिक एकेक गुंज अधिक, पुढें सोळाव्या वर्षापर्यंत वर्षागणिक एकेक मासा, नंतर सत्तरीपर्यंत मात्रा स्थिर, आणि त्यापुढें लहान मुलाप्रमाणेंच हळूहळू उतरती. म्हातारपण हें दुसरें बालपण, हें वैद्यांनाही मान्य होतें म्हणावयाचें! वाढत्या वयाबरोबर एकूण मात्रा वाढावी ही गोष्ट ह्या कोष्टकांत बरोबर आहे. पण वजनाच्या दर किलोमागें किती, असें पाहूं लागलें म्हणजे टॅक्रोलिमसच्या बाबतींत चित्र उलटें होतें. पांचसहा वर्षांखालच्या मुलांना दर किलोमागें मोठ्या मुलांच्या दीडपट ते दुप्पट औषध लागतें.

ह्याचें एक कारण असें कीं तान्ह्या मुलाचें यकृत त्याच्या देहाच्या मानानें मोठें असतें. मोठ्या माणसांत यकृताचें वजन देहाच्या शेकडा २ च्या आसपास. नवजात मुलांत शेकडा ४ च्या जवळपास. औषधाचा निकाल लावणारा कारखाना मोठा, तर औषध लवकर संपणारच. रोपणांतही हेंच घडतें. शस्त्रक्रियेच्या दिवशीं मुलगी ८ किलोची होती. तिला अडीचशें ग्रॅमचें यकृत मिळालें म्हणजे शेकडा ३ च्या वर झालें. शिवाय तें यकृत तीस वर्षांच्या बाईचें, पूर्ण तयार झालेलें. नवजात मुलाच्या स्वतःच्या यकृतांत औषधें मोडणारीं द्रव्यें पहिल्या वर्षभरांत हळूहळू पक्व होतात; येथें तो उमेदवारीचा काळच नव्हता. चौदा महिन्यांच्या देहांत एक अनुभवी कारकून येऊन बसला आणि पहिल्या दिवसापासून टेबल साफ करूं लागला, असें म्हणा ना.

तिसरें कारण आनुवंशिक, आणि मला तें सर्वांत मनोरंजक वाटलें. टॅक्रोलिमस मोडण्याचें काम मुख्यतः दोन विकर करतात. एकाला सीवायपी-३ए-४ आणि दुसऱ्याला सीवायपी-३ए-५ असें म्हणतात. नांवें कोष्टी भाऊबंदांसारखीं सारखीच आहेत, पण एक भेद आहे. पहिला प्रत्येकाच्या शरीरांत असतो. दुसरा कांहींच्यांत असतो आणि कांहींच्यांत जवळजवळ नसतोच. हे दोघे दोन ठिकाणीं कामास बसतात: आंतड्याच्या भिंतींत, आणि यकृतांत. गोळी पोटांत गेली कीं तिला ही दोन नाकीं ओलांडून रक्तांत यावयाचें असतें.

दुसरा विकर कांहींच्यांत कां नसतो? प्रत्येक विकर घडविण्याची कृति जनुकांत लिहिलेली असते, आणि तिची एक प्रत आईकडून व एक बापाकडून येते. जनुकांतला मजकूर सलग नसतो. मधले निरर्थक भाग गाळून उपयोगाचे तुकडे जोडावे लागतात. ह्या जनुकांत एका निरर्थक भागांतलें एकच अक्षर पुष्कळ लोकांत बदललेलें आहे. त्या बदलामुळें गाळावयाचा एक तुकडा चुकून जोडला जातो, आणि त्या तुकड्यांत मध्येंच पूर्णविराम येतो. वाक्य तेथेंच तुटतें व विकर घडत नाहीं. हा उलगडा २००१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं केला. पोथ्यांशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हें लगेच कळेल: हा प्रक्षिप्त पाठ होय. लेखकाच्या हातून भलताच श्लोक मूळ ग्रंथांत शिरला आणि पुढचा अर्थ बिघडला. दोन प्रतींपैकीं एक जरी शुद्ध असली तरी विकर घडतो. दोन्ही प्रक्षिप्त असल्या म्हणजे घडत नाहीं. ज्यांच्यांत तो घडतो त्यांच्या शरीरांत औषध लवकर मोडतें, आणि तीच पातळी गांठण्यास त्यांना सुमारें दीडपट ते दुप्पट मात्रा लागते.

गंमत अशी कीं युरोपांत प्रक्षिप्त पाठच रूढ झाला आहे. तेथील बहुसंख्य लोकांच्या दोन्ही प्रती तशाच. ज्यांच्यांत विकर घडतो असे लोक थोडे. आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांत तो घडतो. आपल्या देशांत युरोपच्या मानानें तो घडणारे पुष्कळच अधिक. निरनिराळ्या अभ्यासांत कमीअधिक, पण निम्म्याच्या घरांत. तेव्हां परदेशी पुस्तकांतील सरासरी मात्रा आपल्या मुलांस जशीच्या तशी लावून चालत नाहीं, हें ओघानेंच आलें. रक्तांतील असा दडलेला वारसा वरून कधींच दिसत नाहीं. ह्याचा एक मोठा दाखला तर आपल्याच प्रांतांत सांपडला: १९५२ सालीं मुंबईंत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक अगदीं निराळा रक्तगट प्रसिद्ध केला, आणि त्याला सारें जग आज 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखतें. साध्या तपासणींत तो 'ओ' गटासारखा दिसतो, पण 'ओ' गटाचें रक्त त्या माणसास चालत नाहीं.

आतां आमच्या मुलीची गोष्ट ऐका. पुण्याच्या डॉक्टरांनीं तिच्या जनुकाची तपासणी करविली. अहवाल आला: दोन्ही प्रती प्रक्षिप्त. म्हणजे हिच्या शरीरांत औषध सावकाश मोडावयास हवें, आणि मात्रा कमी लागावयास हवी. प्रत्यक्षांत ती तर मोठी लागत होती! भावजयीनें पुन्हां माझ्याकडे पाहिलें. मग सूनबाईंची तपासणी झाली. तिच्या दोन प्रतींपैकीं एक शुद्ध आणि एक प्रक्षिप्त निघाली. आणि कोडें सुटलें. मुलीच्या रक्तावरून केलेली तपासणी तिच्या आंतड्यांविषयीं खरें सांगत होती. पण यकृत तिचें नव्हतेंच, आईचें होतें. ह्या मुलीच्या देहांत दोन वारसे एकत्र नांदत होते. जन्म देतांना आईच्या दोन पाठांपैकीं प्रक्षिप्त तेवढाच तिच्या वांट्यास आला. राहिलेला शुद्ध पाठ चौदा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाला.

हा कांहीं आमच्याच घरचा अपवाद नव्हे. जपानांत, आपल्याकडच्याप्रमाणेंच, जिवंत नातलगाकडून यकृत घेण्याची पद्धत मोठी. तेथील क्योटोच्या वैद्यांनीं २००४ सालीं दाखवून दिलें कीं दात्याच्या यकृतांत हा विकर असेल तर रोग्याला तेवढ्याच मात्रेंत रक्तांतली पातळी कमी मिळते. पहिल्या दिवसांत नवें यकृत अजून सावरलेलें नसतें, तेव्हां रोग्याच्या आंतड्यांचा वारसा जोर करतो. पुढें यकृत सावरलें कीं दात्याचा वारसा पुढें येतो. म्हणूनच जनुकावरून मात्रा ठरविण्याविषयीं २०१५ सालीं जें आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन प्रसिद्ध झालें त्यांत विकर घडणाऱ्यांस आरंभीं दीड ते दोनपट मात्रा द्यावी, पण दिवसाला दर किलोमागें ०.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये, असें सांगून यकृतरोपणाच्या बाबतींत पुस्ती जोडली आहे कीं दाता आणि रोगी ह्यांचा पाठ एकच असेल तेव्हांच हा नियम लावावा. सर्वच ठिकाणीं ही तपासणी करीत नाहींत, आणि न केल्यानें अडतही नाहीं. तपासणी फार तर प्रवास कोठून सुरू करावा एवढें सांगते; वाट रक्तांतला आंकडाच दाखवितो.

तेव्हां भावजयीचें त्रैराशिक असें सुटलें: काळाचे दोन, वयाचे दोन आणि वारशाचे दोन, परस्परांनीं गुणले तर आठ. दहाला थोडे कमीच पडतात, पण कोणाच्या आंतड्यांतून किती शोषलें जातें, कोण काय खातें, ह्यांची बाकी त्यांत धरली म्हणजे हिशेब फारसा चुकत नाहीं. माझी चूक कोठें आहे म्हणून विद्यार्थी विचारी तेव्हां मी त्याला सांगत असें, 'बाबा रे, आंकडेमोड बरोबर आहे, रीत चुकली.' येथें तेंच होतें. औषधाला एकच राशि ठाऊक नसते.

चरकानें विमानस्थानांत रोग्याची दशविध परीक्षा सांगितली आहे. दहांपैकीं पहिली परीक्षा प्रकृतीची, म्हणजे जन्मतः जें घडलें त्याची. आणि शेवटची वयाची. हीं दोन टोकें वाचून मला आनंद झाला हें खरें. पण आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणून मिशांवर ताव देण्याची मला हौस नाहीं. रोगी पाहून मात्रा ठरवा, हें तत्त्व त्यांनीं सांगितलें. अब्जांश ग्रॅम मोजण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. ह्या दोहोंची गांठ घालण्याचा प्रामाणिक प्रयत्न पुण्यांतच झाला आहे. पुणें विद्यापीठांतील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सव्वाशेच्या आसपास निरोगी माणसांची प्रकृति वैद्यांकडून ठरवून घेऊन तिचा संबंध औषधें मोडणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाशीं लागतो का हें पाहिलें. पित्तप्रकृतीच्या लोकांत औषध झपाट्यानें मोडणारे अधिक, कफप्रकृतीच्यांत सावकाश मोडणारे अधिक, असें त्यांना आढळलें. संख्या लहान आहे, आणि त्यावरून कोणाची मात्रा ठरविणें धाडसाचें होईल. परंतु प्रश्न विचारण्याची रीत मला आवडली.

एकत्र कुटुंबांत अशा मुलाला प्रेमाचा तोटा नसतो, आणि धोका तेथेंच असतो. सांगली ही हळदीची पेठ. येथल्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. खोकला येवो कीं ठेंच लागो, हळदीचें दूध हा आमच्या घरचा पहिला इलाज. आमटींतली चिमूटभर हळद कोणी बंद करा म्हणत नाहीं. पण औषध म्हणून चमच्यांनीं खाल्लेली हळद निराळी. अमेरिकेंत यकृतरोपण झालेल्या एका गृहस्थानें असा हळदीचा मारा केला; त्याच्या रक्तांतील टॅक्रोलिमस भलतेंच चढलें आणि मूत्रपिंडें बिघडलीं, अशी हकीकत २०१७ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत आली. गणपतीच्या दिवसांत कोंकणांतून येणारें पपनसही ह्या मुलांस वर्ज्य; त्याच्या रसानें आंतड्यांतले विकर थंडावतात आणि औषध वाढतें. गुळवेलीचा काढा तर आमच्या आळींतून तीन घरांहून आला होता, 'प्रतिकारशक्ति वाढते' म्हणून! ज्या मुलीची प्रतिकारशक्ति आम्ही रोज दोन वेळां मोजून मापून खालीं ठेवीत होतों तिला ती वाढविण्याचा काढा! शिवाय २०२१ सालीं मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. त्यावर आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला आणि वाद झाला. वाद कांहींही असो, उसन्या यकृतावर प्रयोग नको, एवढें शहाणपण आमच्या घरीं सर्वांच्या गळीं उतरलें.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी. मुलाला जुलाब लागले तर औषध वाहून जाऊन कमी होईल असें आपणांस वाटतें. टॅक्रोलिमसचें उलट होतें: आंतड्याची भिंत दुखावली कीं तेथलें नाकें ढिलें पडतें आणि औषध अधिक आंत शिरतें. म्हणून जुलाबांत गोळी वाढविणें घातक. तात्काळ डॉक्टरांस कळवून रक्त तपासावें. क्षयावरचें रिफाम्पिसिन हें औषध टॅक्रोलिमसला झपाट्यानें खालीं आणतें, तर एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचीं कांहीं औषधें त्याला वर चढवितात. गांवचा डॉक्टर कितीही घरोब्याचा असला तरी त्याच्या चिठ्ठीपूर्वीं पुण्यास फोन, हा आमचा नियम.

रक्त घेण्याचीही वेळ असते. आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास व्हावे आणि सकाळची गोळी घेण्याच्या आधीं रक्त काढावें. मधल्या कोणत्याही वेळेचा आंकडा फसवा. म्हणून पहिल्या वर्षीं सांगलीची मंडळी आदल्या दिवशीं पेठ नाक्यावरून हमरस्त्यास लागून साताऱ्यास माझ्याकडे मुक्कामाला येत. रात्रीं बरोबर आठाला गोळी. पहांटे साडेचारला गाडी निघे. सकाळीं आठाला पुण्यास रक्त, आणि मग डब्यांतली गोळी व न्याहारी. माझ्या घरांतील भिंतीवरचें जुनें घड्याळ रोज चार मिनिटें मागें पडतें. सूनबाईंनीं पहिल्याच मुक्कामांत तें हेरलें, आणि तेव्हांपासून ती येतांना स्वतःचें गजराचें घड्याळ बरोबर आणते. तिच्या पोटावरचा व्रण भरला त्याआधीं ती हें शिकली. घरांत माणसें बारा, पण गोळी देण्याचें काम दोघींचेंच, आई आणि आजी. आणि दिल्यावर कॅलेंडरवर खूण. बाराजणांचें काम कोणाचेंच नसतें, हें माझ्या भावजयीनें प्रथम सांगितलें, आणि मला तें पटलें.

पुढची भीति डॉक्टरांनीं आतांच सांगून ठेवली आहे. तेरा-चौदाव्या वर्षीं अशीं मुलें कंटाळतात. बरें वाटत असतें, मैत्रिणींत गोळी काढण्याची लाज वाटते, आणि न कळत दोन दिवस चुकतात. पुष्कळ यकृतें ह्याच वयांत गमावलीं जातात. म्हणून आजीनें तिला आतांपासूनच गोळीचें नांव आणि आकडा तोंडपाठ करावयास लावला आहे. ती पाढ्यांच्या चालीवर तो म्हणते.

गेल्या महिन्यांत मुलगी सहा वर्षांची झाली. वजन १९ किलो. मधल्या काळांत मात्रा कधीं उतरली, कधीं चढली. आतां बरेच दिवस ती सकाळीं १ आणि रात्रीं १ मिलिग्रॅमवर स्थिर आहे, आणि रक्तांतला आंकडा ६ च्या आसपास असतो. म्हणजे पेन्शनर गृहस्थ आणि ती आज एकाच मात्रेवर आहेत. तिच्या आजीनें मागच्या आठवड्यांत हें फोनवर मला मुद्दाम सांगितलें, आणि पुढचें रक्त केव्हां तेंही: पुढल्या मंगळवारीं, सकाळीं आठाच्या आधीं.